भरवशाचं कार्ड

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मेलिसला कळलं, की आक-बाटा डेअरीचा मुख्य स्विच मेलेला आहे. फक्त त्या स्विचला स्वतःला हे अजून कळलेलं नव्हतं.

इथे एक खुलासा करायला हवा. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. झार-बुलाक गावात सगळ्यांचा तोच समज होता, आणि मेलिसच्या सासूबाई तर गेली अकरा वर्षं भेटेल त्याला सांगत होत्या, "जावई डेअरीत दिवे लावतो." हा स्विच म्हणजे लोण्याच्या कोठारामागच्या खोलीतली एक लोखंडी पेटी. दुधाचा काटा, फॅट मोजायचं यंत्र, टाक्यांचे थर्मामीटर, टँकरचं फाटक, ही सगळी मंडळी या पेटीतून एकमेकांशी बोलतात. पेटीच्या कडेला एक फट आणि त्या फटीत बिस्किटाच्या चतकोराएवढं मेमरी कार्ड. स्विच जागा झाला की आधी ते कार्ड वाचतो. आपण कोण, आपलं काम काय, कुणाची कुणाशी गाठ घालून द्यायची, हे त्यातून समजून घेतो आणि कामाला लागतो. एकदा उठला की मग कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही. सोमवारी मेलिसने सहज, कार्डावरच्या मजकुराची एक नक्कल असावी म्हणून ते वाचायला घेतलं, तर कार्ड नाही म्हणालं. तीनदा विचारलं, तीनदा नाही.

म्हणजे स्विच जागा आहे तोवर ठीक. एकदा झोपला, की उठल्यावर त्याला स्वतःचं नावसुद्धा सांगता येणार नव्हतं.

जरा मोकळा वारा घ्यावा म्हणून मेलिस फाटकापाशी गेला, तर तिथे वीज खात्याचा माणूस नोटीस चिकटवत होता. थंडीच्या आधीची दुरुस्ती. गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी चार वीज बंद.

"चिकटवलीच पाहिजे का?" मेलिसने विचारलं.

"नोटीस काढली तरी वीज जाणारच, बाइके," तो माणूस म्हणाला आणि वरच्या कोपऱ्याला आणखी थोडा डिंक लावला. बाइके म्हणजे आमच्याकडे दादा.

स्विचला बॅटरी होती, ती बावीस मिनिटं टिकायची. जनरेटर होता, पण तो फक्त थंड कोठाराचा. त्याला दुसरं काही जोडलं की तो रुसून बंद पडायचा. गुरुवारी चारला वीज येणार, पाचपासून संध्याकाळच्या दुधाचे आठ टँकर येणार, आणि स्विच जर उठला नाही तर काटा मुका, फाटक बंद, आणि साडेआठशे घरांचं दूध सप्टेंबरच्या उन्हात रस्त्यावर उभं. नासलेल्या दुधाचा वास मेलिसला सोमवारीच यायला लागला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ते मेलेलं कार्ड चार वर्षांपूर्वी मेलिसनेच निवडलं होतं. आठवडी बाजारात, मोजे विकणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या एका हसतमुख माणसाकडून. आणि कार्यालयात स्वतःच्या अक्षरात टिपण दिलं होतं: 'सदर कार्ड पूर्ण तपासून घेतले असून दहा वर्षे भरवशाचे आहे.' खाली सही. सहीखाली दोन रेघा. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तसली गत. झार-बुलाकमध्ये संगणकातलं कळणारा माणूस म्हणून मेलिसला जो काही मान होता, तो सगळा त्या दोन रेघांवर उभा होता. मार्क्स, एंगल्स वगैरे चार थोरांची आद्याक्षरं जोडून वडिलांनी त्याचं नाव ठेवलं होतं. चार थोरांचं ओझं खांद्यावर असलेल्या माणसाला मोज्यांशेजारची खरेदी कबूल करणं जड जातं. त्याने ठरवलं, कुणाला काही बोलायचं नाही. गुपचूप नवं कार्ड आणायचं, गुपचूप घालायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी घरी तो अर्ध्या ताटावरून उठला. त्याची बायको झिपार हिने दोनदा चहा ओतला, दोनदा तो गार झाला.

"अहो, कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. एक कार्ड गेलं."

"मग दुसरं घ्या. माणूस गेल्यासारखं काय बसलाय!"

झिपारचा आवाज कुंपणापलीकडे जातो, हा त्या घराचा जुना दोष. पाचव्या मिनिटाला शेजारचा तिलेक दारात हजर. तिलेक लग्नांचं चित्रण करायचा, आणि मेमरी कार्ड या विषयात जिल्ह्यात आपल्यासारखा दुसरा नाही अशी त्याची खात्री होती. त्याने खिशातून टोपीत गुंडाळलेला डबा काढला आणि त्यातून एक कार्ड दोन बोटांत धरून दाखवलं.

"बाइके, हे माझं लाडकं. दोनशे लग्नं काढलीत यावर. एकदा तर नवरा घोड्यावरून पडला तेव्हा कॅमेऱ्यासकट चिखलात गेलं होतं. नवऱ्याचा हात मोडला, कार्डाला ओरखडा नाही. घेऊन जा. भावाकडून भावाला."

"तिलेक, लग्न वेगळं, डेअरी वेगळी."

"वेगळं काय त्यात? दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे दूध."

मेलिसने कार्ड घरच्या संगणकात घालून काठोकाठ भरलं आणि परत वाचून पाहिलं. निम्म्यापुढे सगळी भुसकट. कार्ड जेवढं मोठं आहे म्हणून सांगत होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. नवा मजकूर आला की ते बिनदिक्कत जुन्यावर लिहायचं. मेलिसला संशय आला. त्याने सुरीच्या टोकाने कार्डाची कड उचकटली. कार्डाच्या पोटात दुसरं कार्ड होतं. फोनमध्ये घालतात तसलं नखाएवढं, डिंकाने चिकटवलेलं.

तिलेक खुर्चीत बसला. त्याचे डोळे पांढरे झाले होते. "दोनशे लग्नं," तो म्हणाला. "बाइके, म्हणजे लोक म्हणायचे की सुरुवातीचे पाहुणे दिसत नाहीत, ते खरं होतं? मी त्यांना सांगायचो, पाहुणे उशिरा आले."

त्याला पाणी द्यावं लागलं. मेलिसलाही लागलं, कारण तिलेकचं हे कार्डही बाजारातल्या त्याच हसतमुख माणसाकडचं निघालं.

मंगळवारी सकाळी तो तरीही बाजारात गेला. जाऊन निदान जाब विचारावा म्हणून. हसतमुख माणूस तिथेच होता, आणि आता जास्तच हसत होता. त्याने एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड पुढे केलं. "एक जीबीचं कोण वापरतं हो आता? मोठं घ्या. मोठ्यात छोटं मावतंच." मेलिसने परत करायच्या बोलीवर ते आणलं आणि खोलीतल्या अडगळीच्या स्विचमध्ये घालून पाहिलं. मुख्य स्विचचाच तो म्हातारा भाऊ होता. त्याने त्या मोठ्या कार्डाकडे पाहिलं आणि शांतपणे पडद्यावर लिहिलं: कार्ड नाही. म्हाताऱ्या स्विचला एवढं मोठं कार्ड दिसतच नव्हतं. घरात हत्ती शिरला आणि आजोबा म्हणतात, कुणी आलं नाही.

तेव्हा उरला एकच रस्ता, बिश्केकचा. तिथे एका व्यापाऱ्याकडे कारखान्यांत वापरतात तसलं खरं कार्ड होतं, उणे चाळीसपासून पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकणारं, आकाराने लहान आणि किमतीने भलतंच मोठं. एवढ्या सोमच्या नोटा स्वतःच्या खिशातून घालणं मेलिसला शक्य नव्हतं. झिपार वीजबिलाचासुद्धा हिशेब विचारायची. म्हणजे गालिना पेत्रोव्ना आली.

गालिना पेत्रोव्ना ही डेअरीची खरेदी-अधिकारी. वय किती कुणाला माहीत नाही. तीन मालक, दोन चलनं आणि एक देश तिच्या टेबलासमोरून निघून गेले होते. तिचा नियम एक: तीन दरपत्रकं, सर्वांत स्वस्त ते घ्यायचं.

"सर्वांत स्वस्त बाजारातलं आहे," तिने चष्मा खाली करून सांगितलं. "मागच्या वेळी तिथूनच घेतलंत ना? भरवशाचं म्हणून लिहिलंय तुम्ही. सुंदर टिपण आहे. मी नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवते."

"या वेळी उणे चाळीस अंशांत टिकणारं हवं आहे, गालिना पेत्रोव्ना."

"आपल्या खोलीत उणे चाळीस कधी असतं?"

"हिवाळ्यात खिडकी उघडी राहिली तर."

"आणि पंच्याऐंशी?"

"खिडकी बंद राहिली तर."

गालिना पेत्रोव्नाने त्याच्याकडे असं पाहिलं, की एखाद्या हलक्या काळजाच्या माणसाने तिथेच सगळं ओकून टाकलं असतं. मग तिने अर्ज पुढे सरकवला. "खरेदीचं कारण लिहा."

आता कारण काय लिहिणार? 'जुनं मेलं' असं लिहावं तर कोणतं जुनं, कुणी निवडलेलं, हे पुढच्याच रकान्यात विचारलेलं होतं. मेलिसने पेन चावलं, छताकडे पाहिलं आणि लिहिलं: आधुनिकीकरण.

त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत महाग पडलेला शब्द. अर्ज सोनुन एजेंच्या टेबलावर गेला. सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई, या डेअरीच्या संचालिका; बाई कर्तबगार, पण त्यांना समारंभाची तहान होती. टाकीला नवा नळ बसवला तरी त्या फीत कापायच्या. 'आधुनिकीकरण' हा शब्द वाचताच त्यांनी सही केलीच, वर मेलिसला बोलावून घेतलं.

"मेलिस, इतकी मोठी गोष्ट आणि तू कोपऱ्यात उरकणार होतास? तुझा हा विनय मला मुळीच आवडत नाही. गुरुवारी सकाळी साडेनऊ. सगळे जमतील. कार्ड कालमुर्झा आबांच्या हातून घालू."

"एजे, ते अगदी छोटं काम आहे, मी आपला..."

"छोटं? डेअरीचा मेंदू बदलतोय आणि म्हणे छोटं! कुणी विचारलं तर सांगू काय, आबांना बोलावलं नाही म्हणून?"

कालमुर्झा आबांना न बोलावणं झार-बुलाकमध्ये खरंच कुणाला जमलं नसतं. एक्क्याऐंशी वर्षांचे, डेअरीचे पहिले प्रमुख. तरुणपणी घोड्यावरून बोकड पळवण्याच्या खेळात त्यांच्या हातून बोकड सोडवून घेणारा जन्माला यायचा होता. त्यांच्या हातांची पकड अजून तशीच होती, नजर मात्र राहिली नव्हती. मेलिस मान हलवून बाहेर आला आणि जिन्यातच बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी कार्ड आलं. बिश्केकहून सामान येतं तसंच आलं, गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती. मेलिसने त्याला फोनवर चारदा बजावलं होतं, वस्तू नाजूक आहे. ड्रायव्हर जबाबदारीचा माणूस. उन्हाने तापू नये म्हणून त्याने पाकीट वाटेत बालिक्चीत घेतलेल्या, धुरी दिलेल्या माशांच्या पेटीत, अगदी मधोमध, दोन माशांच्या मध्ये ठेवलं होतं.

"गार राहिलं बघा, बाइके!" तो अभिमानाने म्हणाला.

मेलिसला तेलकट पाकीट हातात घेताना गलबलून आलं. कार्डाच्या माहितीपत्रकात थंडी, उष्णता, हादरे, धूळ, सगळ्याबद्दल लिहिलं होतं. माशांबद्दल एक अक्षर नव्हतं. पण कार्ड आत आणखी एका पिशवीत होतं, कोरडं. रात्री त्याने ते काठोकाठ भरलं, वाचलं, पुसलं, पुन्हा भरलं, पुन्हा वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग जाग्या स्विचच्या डोक्यातून उतरवून घेतलेला सगळा मजकूर त्यावर लिहिला. घरी उचलून आणलेल्या अडगळीच्या स्विचमध्ये घातलं, तर म्हातारा खडबडून उठला आणि स्वतःचं नाव सांगून मोकळा झाला. मेलिसने आनंदाने झिपारला उठवलं.

"याला म्हणतात कार्ड!"

"याला माशांचा वास येतोय," झिपार म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

गुरुवारी साडेनऊला स्विचच्या खोलीत सोळा माणसं होती. मावत होती आठ. खोक्यावर स्वच्छ कापड अंथरून कणकेचे तळलेले बोर्सोक, लोणी आणि डेअरीच्याच किमीझची मोठी लाकडी वाटी ठेवली होती. घोडीचं दूध, तीन दिवस घुसळलेलं, वर फेस. सोनुन एजेंनी भाषण सुरू केलं. पहिल्या गाईपासून सुरुवात केली. मेलिस घड्याळाकडे बघत होता. नऊ छत्तीसला भाषण नव्वद साली पोचलं. नऊ एकेचाळीसला टाळ्या झाल्या आणि कार्ड तबकातून आबांपुढे आलं.

आबांनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "एवढंसं?"

"हो आबा."

"आणि अख्खी डेअरी याच्यावर?"

"हो आबा."

"मग धुतल्याशिवाय कसं चालेल?"

सगळे हसले. मेलिसही हसला. आमच्याकडे नवी वस्तू, मग मोटरसायकल असो की पदवी, धुवावी लागते. न धुतलेली टिकत नाही. धुवायची म्हणजे लोकांनी प्यायचं, एवढाच आता त्याचा अर्थ उरलाय. पण आबा जुन्या वळणाचे. जास्तीत जास्त दुधाबद्दल त्यांना सरकारी पदक मिळालं, तेव्हा ते पदक वोडकाच्या ग्लासात तळाशी टाकून, वरची वोडका पिऊन, मगच छातीवर लावलं होतं. हजला जाऊन आल्यापासून त्यांनी वोडका सोडली, रीत सोडली नव्हती. त्यांनी डाव्या हाताने किमीझची वाटी उचलली, उजवा हात वर धरला आणि बोटं सोडली.

डुबुक.

त्या खोलीत पंख्यांचा आवाज कायम घोंघावत असतो. तरी ते डुबुक सोळाही जणांना ऐकू आलं.

मेलिसला पहिले दोन क्षण काही वाटलंच नाही. त्याला फक्त दिसलं, की फेसाला एक भोक पडलंय आणि ते सावकाश बुजतंय. कार्डाच्या कडेला पन्नास बारीक भोकं असतात, स्विचच्या पन्नास सुया त्यांत बसतात. पन्नास भोकांत आंबट, तेलकट किमीझ शिरत असणार, एकेक करून. मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला. झिपार तिथे असती तर तिलाही तो आपल्याच नवऱ्याचा वाटला नसता. पुढच्याच क्षणी त्याचा हात मनगटापर्यंत वाटीत होता.

आता धक्का बसायची पाळी खोलीची होती. कार्ड भिजलं याचं कुणालाच काही नव्हतं. पण आबांच्या हातातल्या वाटीत, आबांनी ओठ लावण्याआधी, हात? सोनुन एजेंनी तोंडावर रुमाल धरला. कुणीतरी "तोबा" म्हणालं.

"मेलिस!" सोनुन एजे ओरडल्या. "वेड लागलं का तुला?"

"एजे, हे कार्ड मेलं तर डेअरी मेली!" मेलिस वाटीत चाचपत ओरडला. "आधुनिकीकरण-बिधुनिकीकरण काही नाही! जुनं कार्ड गेलंय! सोमवारपासून स्विच नुसता जागेपणावर चाललाय. वीज गेली की झोपणार, आणि उठणार नाही! आणि ते जुनं मीच घेतलं होतं, बाजारात, मोज्यांच्या शेजारी! तपासलंही नव्हतं! दोन रेघा ओढल्या होत्या खाली!"

मेलिसच्या मनगटावरून किमीझ कोपरापर्यंत ओघळत होतं. बावन्न वर्षांत त्याला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

"ठाऊक आहे," मागून गालिना पेत्रोव्नाचा आवाज आला. "त्या पावतीवर मोजेपण होते. दोन जोड. मी ते खोडले होते."

मेलिसने तिच्याकडे वळून पाहिलं. चार वर्षं ठाऊक होतं! चार वर्षं ती ते टिपण नमुना म्हणून दाखवत होती! हा धक्का पचायच्या आत दिवे गेले. नऊ अठ्ठेचाळीस. दुरुस्तीची वीज ठरल्या वेळेआधी गेल्याचं झार-बुलाकच्या आठवणीत एकही उदाहरण नव्हतं.

अंधारात आबा शांतपणे म्हणाले, "मग काढ ना बाहेर. हात घातलाच आहेस तर."

मेलिस कार्ड मुठीत धरून प्रयोगशाळेत पळाला. तिथे नाझिक होती, दुधाचा कस बघणारी मुलगी. तिने एकही प्रश्न न विचारता दूध तपासायच्या स्पिरिटची बाटली काढली, सुईची पिचकारी काढली, आणि दोघांनी खिडकीच्या उजेडात पन्नास भोकं धुतली. एकेक करून, तीन वेळा. पहिल्या वेळी पांढरं आलं, दुसऱ्या वेळी जरा कमी, तिसऱ्या वेळी स्वच्छ. दहा वाजून दहा मिनिटांनी लोण्याच्या कोठारामागून बॅटरीची शेवटची शिट्टी ऐकू आली. स्विच झोपला.

"आता वाळवायचं कसं?" नाझिक म्हणाली. "दह्याचं उबदार कपाट विजेवर चालतं."

उबदार, कोरडी आणि विजेशिवायची जागा डेअरीत एकच होती. गच्ची. तिथे चौकीदाराच्या बायकोने पांढऱ्या कापडावर कुरुत वाळत घातला होता, दह्याचे सातआठशे गोळे. त्यांच्या मधोमध मेलिसने कार्ड ठेवलं, आणि शेजारी काठी घेऊन बसला. काठी लागणारच होती, कारण समोरच्या पॉप्लरच्या झाडावर दोन काळेपांढरे मॅगपाय बसले होते. चकचकीत काही दिसलं की या पक्ष्याला धीर धरवत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दर दहा मिनिटांनी त्यातला एक उतरायचा, दोन पावलं चालायचा, आणि डेअरीच्या मेंदूकडे मान वाकडी करून बघायचा. मेलिस ओरडत काठी आपटायचा. टाय लावलेला, बाही भिजलेली, अंगाला किमीझ, स्पिरिट आणि माशांचा एकत्र वास. खाली चौकात माणसं मान वर करून बघत होती.

दुपारी सोनुन एजे गच्चीवर आल्या. तो उठायला लागला, तर त्यांनी हाताने बस म्हटलं.

"सोमवारीच का नाही बोललास?"

"लाज वाटली, एजे."

"आणि नासलं असतं साडेआठशे घरांचं दूध, तर तुझी लाज कुणाच्या दारात ओतली असतीस?"

मेलिसला वाटलं गच्चीने आपल्याला गिळून टाकावं. सोनुन एजेंनी एक कुरुत उचलून तोंडात टाकला आणि त्या निघून गेल्या. ते बोलणं त्याला कार्ड बुडाल्यापेक्षा जास्त लागलं.

चारला पाच मिनिटं असताना वीज आली. चार वाजून चार मिनिटांनी मेलिसने कार्ड फटीत सरकवलं. खोलीत पुन्हा सोळा माणसं. बाहेर वेळेआधीच आलेल्या पहिल्या टँकरचा भोंगा. पेटीवरचा दिवा पिवळा झाला. पिवळाच राहिला. सोनुन एजेंनी मेलिसचा दंड घट्ट धरला होता, हे त्याला नंतर निळा डाग बघून कळलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग दिवा हिरवा झाला, त्याच्या शेजारचा झाला, आणि बघता बघता अख्खी रांग लुकलुकायला लागली. बाहेर फाटक कर्रकर्र करत उघडलं.

मेलिसच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं कार्ड कशाला म्हणतात ते आता जगाने पाहिलं, असं त्याला वाटलं. मासे, किमीझ, स्पिरिट, ऊन, सगळ्यांतून तावून निघालं होतं, कारण त्याने ते पारखून घेतलं होतं. तो वळला, दोन शब्द बोलावेत म्हणून. सगळ्यांची पाठ त्याच्याकडे होती.

"धन्य आबा!" "आबांचा हात लागला आणि काय झालं बघा!" "जुन्या माणसांना कळतं हो, उगाच नाही रीत पडत!"

सोनुन एजेंनी मानाचा चापान आणवला आणि तो भरजरी झगा आबांच्या खांद्यांवर घातला. आबांनी हात उचलून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

"पण हे कार्ड मुळातच..." मेलिस म्हणाला. "म्हणजे त्याची बांधणीच अशी असते, की आत थर असतो एक..."

"असतो ना, बाळा," कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मलईचा."

शुक्रवारी तिलेक आपली सगळी कार्डं घेऊन आबांच्या दारात उभा होता. पुढच्या सोमवारी शेजारच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या अभियंत्याचा मेलिसला फोन आला: त्यांनाही कार्ड निवडायचंय, सल्ला हवा. मेलिसने खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि वीस मिनिटं सांगितलं. खरं-खोटं कसं ओळखावं, काठोकाठ भरून कसं वाचावं, म्हाताऱ्या स्विचला मोठं कार्ड का देऊ नये. पलीकडचा माणूस हूं हूं करत राहिला.

"हे सगळं आहेच, बाइके," शेवटी तो म्हणाला. "पण मी विचारतो ते सांगा. घोडी कोणत्या रंगाची होती?"

मेलिसने फोन ठेवला. त्याला बायकोनेही समजून घेतलं नाही. "दूध वाचलं ना?" झिपार म्हणाली. "मग कुणाच्या नावावर वाचलं याचं काय लोणचं घालायचंय?"

दहा दिवसांनी आणखी तीन कार्डं आली. बाकीच्या तीन मजल्यांच्या तीन स्विचसाठी, त्याच व्यापाऱ्याकडून. या वेळी मेलिसने कुणाला बोलावलं नाही, सोनुन एजे जिल्ह्याला गेलेल्या असतानाची सकाळ निवडली. तिन्ही कार्डं काठोकाठ भरून तपासली. निर्दोष. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन त्याने आतून कडी लावली. कार्ड फटीपाशी नेलं. आणि हात थांबला.

काहीच कारण नव्हतं. तो शिकलेला माणूस होता. कार्ड कशाने चालतं ते झार-बुलाकमध्ये फक्त त्याला ठाऊक होतं. तरी हात पुढे जाईना. हे कार्ड उत्तम, पण पहिलंही उत्तमच होतं, आणि त्याला मात्र... म्हणजे एक थेंब पाठीवर, भोकांपासून अगदी लांब, आणि लगेच पुसून, तर बिघडतंय कुणाचं? मग तो कडी काढून, इकडेतिकडे बघत, प्रयोगशाळेत गेला.

"नाझिक," तो हळू आवाजात म्हणाला, "चमचाभर किमीझ मिळेल का? जरा तपासायचं होतं."

नाझिकने नळीवरून नजर उचलली नाही. "चमचा कशाला, बाइके? कपाटात वाटी झाकून ठेवलीय. आबा सकाळीच देऊन गेले. म्हणाले, मेलिस अकराच्या आत येईल."

मेलिसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला चार मिनिटं कमी होती.